नाकाने प्यायचा चहा

डिसेंबरच्या शेवटी लंडनहून, म्युनिकहून किंवा न्यू जर्सीहून कोणीतरी घरी येतं आणि बॅगेतून चॉकलेटांबरोबर नाताळच्या चहाचा एक रंगीत पत्र्याचा डबा निघतो. वर बर्फ, हरीण, लाल फीत. झाकण उघडलं की संत्र्याच्या सालीचा आणि दालचिनीचा असा घमघमाट सुटतो, की पलीकडच्या खोलीतले लोक विचारायला येतात. मग उत्साहाने आधण ठेवलं जातं, साखर पडते, दूध पडतं, चांगल्या चार उकळ्या निघतात. कप हातात येतो तेव्हा तो वास मात्र कुठेच नसतो. उरतं ते काहीतरी फिकट, मागून कडवट, धड आपलं नाही आणि धड त्यांचंही नाही. ‘एवढा महागाचा चहा, आणि हा असा?’ म्हणून डबा फडताळात मागे सरकतो, आणि पुढे कधीतरी त्यात साबुदाणा भरला जातो.

गंमत अशी की त्या डब्यात अनोळखी काहीच नसतं. दालचिनी, लवंग, वेलदोडे, कधी सुंठ, म्हणजे आपल्या चहाच्या मसाल्यातलीच मंडळी. पत्ती आसामची, श्रीलंकेची किंवा चीनची. तरीही अमृततुल्यमधला मसाला चहा उकळून उकळून खुलतो आणि हा उकळला की मरतो. दोन्हीकडे मसाले जवळपास तेच आहेत. त्यांचा सुगंध कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत पोचतो, तिथे खरा फरक आहे.

डब्यात काय असतं

आधी पत्ती. चहाचं ताजं पान हिरवं असतं. ते तोडून मलूल होऊ देतात, मग वळतात. वळताना पानाच्या पेशी फुटतात, आतली रसायनं आणि विकरं (म्हणजे एन्झाइम) एकमेकांत मिसळतात, हवेतला ऑक्सिजन त्यांना मिळतो आणि पान तांबूस होत जातं. या बदलात दोन प्रकारची द्रव्यं तयार होतात. थिआफ्लेविनं चहाला चमक आणि जिभेला जाणवणारी तरतरी देतात, तर थिआरुबिजिनं गडद तांबडा रंग आणि भरीवपणा. मग पान तापवून वाळवलं की हा खेळ थांबतो.

आपण रोज वापरतो ती बारीक गोळीदार पूड ‘सीटीसी’ पद्धतीची. पान दातेरी रुळांमधून चिरडत, फाडत, वळत नेतात. हे यंत्र १९३० च्या दशकात आसामात आलं. अशा पुडीतून रंग आणि कस एक-दोन मिनिटांत बाहेर पडतो, आणि दूध घातलं तरी तो दबत नाही. नाताळच्या डब्यात मात्र बहुतेक वेळा लांबट, वळलेलं, बऱ्यापैकी अख्खं पान असतं. त्याला ऑर्थोडॉक्स चहा म्हणतात. तो हळू उतरतो, त्याचा सूर मऊ असतो, आणि दूध-साखरेचं ओझं पेलायला तो बनवलेलाच नसतो.

मसाल्यांबरोबर संत्र्याची साल हवीच. कधी बदामाचे काप, चक्रफूल, ज्येष्ठमधाचे तुकडे असतात. अधूनमधून लाल-पिवळ्या पाकळ्या दिसतात. केशर समजून हुरळून जाऊ नका. त्या बऱ्याचदा करडईच्या असतात, आणि चवीत त्यांचा वाटा जवळपास शून्य. स्वस्त डब्यांमध्ये मसाल्याचे तुकडेही सजावटीपुरतेच असतात. सुगंधाचं काम वरून फवारलेला अर्क करतो, आणि तसं वेष्टनावर ‘फ्लेवरिंग’ या शब्दात लिहिलेलं असतं. चहाचं कोरडं पान आजूबाजूचा वास पटकन शोषतं. मोगऱ्यासारख्या फुलांच्या सहवासात ठेवून चिनी जास्मिन चहा करतात तो याच गुणावर, आणि हिंगाच्या डबीशेजारी ठेवलेली चहापूड बिघडते तीही यामुळेच.

हा सगळा प्रकार नाताळशी जोडला गेला त्याचं कारण सोपं आहे. लवंग कितीतरी शतकं इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवरूनच यायची, उत्तम दालचिनी श्रीलंकेहून. युरोपात हे मसाले सणासुदीलाच परवडत. ते केकमध्ये, बिस्किटांत आणि गरम केलेल्या वाइनमध्ये पडत. संत्रीही दक्षिणेकडून थंडीतच येत. चहा या मेळ्यात उशिरा शिरला. अमेरिकेत रूथ कॅम्पबेल बिगेलो यांनी १९४५ मध्ये संत्र्याची साल आणि गोडसर मसाले घालून ‘कॉन्स्टंट कॉमेंट’ नावाचा चहा बाजारात आणला. तो आजही मिळतो, आणि नाताळच्या डब्यांतला वास साधारण त्याच घराण्यातला आहे.

तेल, पाणी आणि फोडणी

मसाल्यांचा वास म्हणजे त्यांच्यातली उडून जाणारी तेलं. दालचिनीत सिनॅमाल्डिहाइड, लवंगेत युजेनॉल, वेलदोड्यात सिनिओल, संत्र्याच्या सालीत लिमोनिन. नावं विसरलात तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की ही सगळी पाण्यापेक्षा तेलातुपात जास्त रमतात, आणि त्यांचं पाण्याशी असलेलं वाकडंही सारखं नाही. साध्या तापमानाच्या एक लिटर पाण्यात युजेनॉल सुमारे अडीच ग्रॅम विरघळतं. लिमोनिन विरघळतं दहा मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे लवंग पाण्याशी जुळवून घेते, संत्र्याचं तेल मात्र जवळपास पूर्ण फटकून राहतं. ते पाण्यावर येतं आणि संधी मिळताच वाफेबरोबर निघून जातं.

आता मसाला चहा आठवा. आलं ठेचून, वेलदोडे कुटून आपण दुधासकट उकळतो. गाईच्या दुधात चार टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के. वरणाच्या फोडणीत गरम तेल जे करतं, तेच इथे हे स्निग्ध थेंब करतात. मसाल्यातलं तेल ओढून घेतात आणि धरून ठेवतात. म्हणून उकळ्या काढल्या तरी बराचसा सुगंध कपात राहतो. पण धरून ठेवलेला म्हणजे सहज न सुटणारा. दुधाचा मसाला चहा लांबून तेवढा दरवळत नाही, तोंडात घेतल्यावर मात्र घशापर्यंत रेंगाळतो.

नाताळचा चहा कोरा प्यायचा असतो. त्यात सुगंध धरून ठेवणारं कोणीच नाही. उघड्या पातेल्यात तो उकळणं म्हणजे अत्तरवाल्याचं अर्धं काम करणं. कनौजचे अत्तरवाले फुलं पाण्यात उकळतात, सुगंध वाफेबरोबर वर चढतो, आणि ते ती वाफ नळीतून नेऊन गार करून साठवतात. आपण फक्त वर चढवतो, साठवत नाही. चहा उकळताना स्वयंपाकघरात छान वास सुटला, तर तो कपातून कमी झालेला असतो. वर दूध घातलं की राहिलेला वास स्निग्धांशात अडकतो आणि ऑर्थोडॉक्स पानाचा मऊ सूर दुधातल्या प्रथिनांखाली दबतो. उकळीने पानातला तुरटपणा तेवढा पुरेपूर बाहेर आलेला असतो. फडताळात मागे गेलेल्या डब्याची ही सगळी कहाणी आहे.

जिभेचं किती, नाकाचं किती

एक सोपा प्रयोग करून बघा. नाक चिमटीत घट्ट धरा आणि हा कोरा चहा तोंडात घेऊन गिळा. थोडा कडू, थोडा तुरट, गरम, आणि जिभेला किंचित चुरचुर. संत्रं नाही, वेलदोडा नाही. आता नाक सोडा. सगळं एकदम हजर होतं. तोंडातला सुगंध घशामागच्या वाटेने वर नाकात जातो, आणि ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग हा असा मागच्या दाराने येतो.

नाक बंद असतानाही जाणवली ती चुरचुर वेगळी गोष्ट आहे. आयुर्वेदाने सहा रसांत तिखट आणि तुरट दोन्ही धरले. आजचं शरीरशास्त्र त्यांना जिभेच्या चवींत मोजत नाही, ते त्यांना स्पर्शाच्या, दाहाच्या बाजूला बसवतं. उष्णता आणि वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांवर काही प्रथिनं असतात. मिरचीतलं कॅप्सायसिन त्यातल्या एकाला फसवतं, आणि तोंड भाजल्यासारखं वाटतं. हे प्रथिन शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, स्पर्शावर काम करणाऱ्या आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत. दालचिनी अशाच दुसऱ्या प्रथिनाला डिवचते, ज्याला मोहरीचा झणकाही डिवचतो. लवंग आधी ऊब देते आणि मग जीभ बधिर करते, म्हणून तर दाढदुखीवर ती दाताखाली धरतात. ‘मसालेदार चहाने अंगात ऊब येते’ या म्हणण्यात तापमानाइतकाच या फसवणुकीचाही हात आहे.

तुरटपणा म्हणजे लाळेतला बुळबुळीतपणा तात्पुरता नाहीसा होणं. चहातली पॉलिफेनॉलं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, वंगण कमी होतं, आणि जीभ टाळूला खरखरीत लागते. दूध घातल्यावर पॉलिफेनॉलं दुधातल्या प्रथिनांना चिकटतात आणि लाळ मोकळी राहते. कोऱ्या चहात हा बचाव नाही, म्हणून तिथे वेळेला महत्त्व आहे.

साखर नसताना गोड का लागतो?

युरोपातले लोक हा चहा बिनसाखरेचा पितात आणि तो गोड लागतो म्हणून सांगतात. काही डब्यांत याचं कारण सरळ असतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन साखरेच्या तीस ते पन्नास पट गोड आहे, आणि चक्रफुलातलं ॲनेथॉलही गोडच. (रक्तदाब असणाऱ्यांनी डब्यावरची यादी जरूर वाचावी. ज्येष्ठमध रोज आणि भरपूर घेतला तर रक्तदाब वाढवतो.) पण ज्येष्ठमध नसलेला चहाही त्यांना गोडसर लागतो. ते कसं?

१९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात रिचर्ड स्टीव्हन्सन, जॉन प्रेस्कॉट आणि रॉबर्ट बोक्स यांनी एक सुरेख प्रयोग केला. तिथल्या लोकांच्या फारशा ओळखीचे नसलेले लिची आणि शिंगाड्यासारखे वास त्यांनी निवडले. काही वास साखरेच्या पाण्यातून पुन्हा पुन्हा चाखायला दिले, काही आंबट पाण्यातून. नंतर नुसता वास हुंगायला दिला, तेव्हा साखरेच्या सोबतीने भेटलेला वास लोकांना आधीपेक्षा गोड वाटू लागला होता. वासाचा गोडवा शिकता येतो, आणि तो आपण बहुतेक ताटावर बसूनच शिकतो.

स्वीडनमधल्या मुलाला दालचिनी भेटते ती गोड बनमध्ये, जर्मन मुलाला ताऱ्याच्या आकाराच्या नाताळच्या बिस्किटात, अमेरिकन मुलाला ॲपल पायमध्ये. आपल्याला ती भेटते गोड्या मसाल्यात, मसालेभातात, मटणाच्या रश्शात. त्यांच्या नाकाला दालचिनी म्हणजे गोड, आपल्या नाकाला पुलाव. याच न्यायाने आपलं गोडाचं नाक वेलदोड्यावर आणि जायफळावर घडलेलं आहे, कारण श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी. गोव्याच्या नाताळातल्या नेवऱ्यांनाही वेलदोडाच लागतो. लवंगेची गोष्ट मधली. नारळीभात आणि साखरभात खाणाऱ्या घरात ती गोडाला परकी नाही. हा अंदाज माझा आहे, पण त्याची पडताळणी एका कपात होते. त्याच चहात दालचिनी निम्मी करा आणि दोन वेलदोडे जास्त टाका. मराठी जिभेला साखर कमी पुरते.

क्रम महत्त्वाचा

विकतचा डबा असेल तर काम थोडंच आहे. कपाला एक चमचा मिश्रण, नुकतंच उकळलेलं पाणी, झाकण, चार मिनिटं, गाळणं. झाकण आणि वेळ सोडून यातलं काहीही थोडंफार इकडेतिकडे झालं तरी चालतं.

घरी करायचा तर क्रमाचा विचार करावा लागतो. लवंग आणि दालचिनी हे लाकडासारखे घट्ट तुकडे, त्यांच्यातून तेल सावकाश येतं. पानाच्या पेशी वळतानाच फुटलेल्या असतात, त्याला चार मिनिटं पुरतात. सालीतलं तेल तर वरच्या पापुद्र्यातच असतं, पाणी लागताच सुटतं आणि तितक्याच घाईने उडतं. तिघांना एकाच वेळी टाकलं तर लवंग कच्ची राहते किंवा संत्रं उडून जातं. म्हणून जे सावकाश ते आधी, जे उडतं ते शेवटी.

संत्रं नागपुरी घ्या. आंबिया बहाराची फळं नाताळच्या सुमारास बाजारात असतातच. साल कोमट पाण्यात चोळून धुवा आणि आतला पांढरा भाग चाकूने खरवडून काढा, कडवटपणा तिथे असतो. जायफळ मला या चहात नको वाटतं, ते बाकी सगळ्यांना दाबतं.

दालचिनीबद्दल थोडं थांबायला हवं. किराणा दुकानात मिळणारी जाड, एकाच थराची, टणक साल बहुतेक वेळा कॅसिया असते. खरी दालचिनी पातळ, कागदाचे थर गुंडाळल्यासारखी, बोटांनी चुरगळणारी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण तेज’ ही जात या खऱ्या दालचिनीची. कॅसिया जास्त झणझणीत असते, पण तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य कितीतरी जास्त असतं. ते सतत मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला त्रास देऊ शकतं. जर्मनीत २००६ मध्ये नाताळच्या दालचिनी बिस्किटांवरून यावर बरीच चर्चा झाली. युरोपात शरीराच्या दर किलोमागे रोज ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात. सणाच्या दोन-चार कपांनी घाबरायचं कारण नाही. रोज पिणार असाल तर पातळ सालीची घ्या.

चौकट : चार कपांसाठी

पाणी ८०० मिली. दालचिनीचा बोटाएवढा तुकडा, लवंगा ४, हलके ठेचलेले वेलदोडे ५, अर्ध्या संत्र्याची साल, ऑर्थोडॉक्स पत्ती ४ चहाचे चमचे.

दालचिनी आणि लवंग पाण्यात टाकून झाकण ठेवा, उकळी आली की मंद आचेवर ७ मिनिटं. वेलदोडे घालून आणखी एक मिनिट. गॅस बंद. पत्ती टाका, झाकण, ३ मिनिटं. साल हाताने मुरडून टाका, झाकण, आणखी एक मिनिट. लगेच गाळा.

भुरका मारायचाच

धंद्याने चहा चाखणाऱ्यांसाठी ‘आयएसओ ३१०३’ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. १०० मिली पाण्याला २ ग्रॅम पत्ती, चिनी मातीचं झाकणवालं भांडं, बरोबर सहा मिनिटं. हा चहा मुद्दाम कडक असतो, दोष लपू नयेत म्हणून. ब्रिटिश मानक संस्थेने याच विषयावर काढलेल्या सहा पानी दस्तऐवजाला १९९९ मध्ये साहित्याचं इग नोबेल, म्हणजे हसवणारं नोबेल, देण्यात आलं. पण थट्टा बाजूला ठेवली तर एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. हे चाखणारे चहा चमच्यातून जोरात भुरका मारून ओढतात. चहाचे तुषार तोंडभर उडतात, हवा मिसळते, आणि सुगंध मागच्या दाराने नाकात शिरतो. ज्या भुरक्यासाठी लहानपणी डोळे वटारले जात, तो इथे रीतसर तंत्र ठरतो.

कप एका घोटात संपवू नका. लिमोनिन १७६ अंशांना उकळतं, दालचिनी आणि लवंगेची द्रव्यं २५० च्या आसपास. त्यामुळे वाफेत आधी संत्रं पुढे असतं आणि पहिल्या काही मिनिटांत ते विरतं. मग दालचिनी वर येते. कप कोमट झाला की लवंग आणि चहाचा तुरटपणा राहतो. वाईट मिश्रणाची लबाडी इथे उघडी पडते. फवारलेला अर्क गरम असताना जोरात येतो आणि कोमट कपात त्याच्यामागे काहीच सापडत नाही.

बोअरच्या जड पाण्याचा चहा केलात तर वर तवंग दिसेल. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले मायकेल स्पायरो यांनी १९९० च्या दशकात या तवंगाचाच अभ्यास केला. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट, चहातली द्रव्यं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून तो बनतो. गाळलेलं मऊ पाणी वापरा, नाहीतर लिंबाचे दोन थेंब टाका. आम्लामुळे तवंग धरत नाही, आणि चहाचा रंगही लख्ख उजळतो.

दूध घालायचंच असेल तर

घाला, पण गाळल्यानंतर, गरम केलेलं आणि थोडंच. आधी डब्यावरची यादी वाचा. जर्मनीहून आलेल्या कित्येक ‘नाताळ चहां’त चहाची पत्तीच नसते. वाळलेलं सफरचंद, गुलाबाची फळं आणि लाल अंबाडीची बोंडं असतात. अंबाडी इतकी आंबट की दूध पडताक्षणी फाटतं, आणि दोष म्हशीवर जातो.

उरलेला कोरा चहा फ्रिजमध्ये ठेवला तर सकाळी गढूळ दिसेल. तो खराब झालेला नसतो. गार पाण्यात कॅफिन आणि थिआफ्लेविनं एकमेकांना धरून बसतात आणि त्यांचे बारीक कण तरंगू लागतात. चांगला कडक चहा जास्त गढूळ होतो. थोडं उकळतं पाणी ओता, तो पुन्हा नितळ होतो. वासासाठी सालीचा एक ताजा तुकडा कपावर मुरडावा लागेल, रात्रीचं संत्रं तोवर उडून गेलेलं असतं.